एका टोपलीत तीन छत्र्या

पुढचं घर खरं नाही, घड्याळ मात्र खरं आहे. जळगावातला चोपडा आणि धुळ्यातला शिरपूर, या दोन तालुक्यांच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी आषाढात कुठल्याही वस्तीवर हे घडू शकतं, म्हणून घर तिथलं घेतलं: आजी, मुलगा, सून, सुट्टीला आलेला नववीतला भाचा आणि पाच वर्षांची नात. तासांचा हिशेब वैद्यकाच्या पुस्तकांतला आणि इतरत्र प्रत्यक्ष घडलेल्या प्रकरणांतला आहे. शून्य तास म्हणजे पहिला घास.

उणे ४० तास. शुक्रवार, पहाटे चार

रात्रभर गडगडाट झाला, पहाटे पावसाने जोर धरला. वीज कडाडली की अळंबी निघते, असं आजी म्हणते. विजेचा भाग सोडून देऊ. पाऊस मुरून जमीन भिजली की निघते, हे खरं आहे.

आजीची अळंबी वारुळाची. उधईला लाकूड-पाचोळा नुसता खाऊन पचवता येत नाही. ती तो चावून वारुळाच्या पोटात सच्छिद्र पोळी रचते आणि तिच्यावर एका बुरशीची शेती करते. बुरशी लाकूड मऊ करते, उधई ते खाते. टर्मिटोमायसिस हे त्या बुरशीचं शास्त्रीय नाव. वर्षभर ती जमिनीखाली राबते आणि पावसाळ्यात मातीतून वर डोकं काढते. तिचा देठ उपटला तर तुटत नाही, लांबतच जातो, मुळासारखा निमुळता होत थेट त्या पोळीपर्यंत. टोपीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो. माती फोडायची ती त्यानेच. कोकण-गोव्यात हिच्यासाठी लोक पावसाची वाट पाहतात आणि मागेल तो भाव देतात. खानदेशात तेवढं कौतुक नाही, पण डोंगरातल्या आदिवासी बायांना वारूळ न् वारूळ पाठ असतं. मागच्या वर्षी जिथे निघाली तिथेच यंदा निघणार, कारण खालचं घर तेच असतं.

आजीचं ज्ञान म्हणजे खरं तर हा पत्ता आहे. ती छत्री ओळखत नाही, जागा ओळखते. यात काही कमीपणा नाही. मला विचाराल तर हीच सगळ्यात भरवशाची पद्धत आहे. फक्त ती दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

उणे १२ तास. शनिवार, सकाळी आठ

आजीचे गुडघे धरलेत. ती बांधापलीकडच्या एका वारुळावर जाते, तीस-चाळीस काढते, पळसाच्या पानात गुंडाळते. टोपली भरलेली नाही. भाचा म्हणतो, तिकडे केळीच्या बागेजवळ ढीगभर आहेत, मी आणतो. नात त्याच्या मागे.

केळीच्या बागेजवळ ढीगभर असतात, हे खरं. ठिबकचा ओलावा, कुजणारी पानं, खोडांचे तुकडे, शेणखत. बुरशीला आणखी काय हवं? भाचा आधी बागेच्या कडेच्या गवतातल्या मोठ्या छत्र्या तोडतो. पांढरीशुभ्र टोपी, वर तपकिरी खवले, देठावर वर-खाली सरकणारं कडं. एकेक टोपी ताटलीएवढी. हिचं नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. उष्ण प्रदेशांत जगभर गवताळ जागी उगवते. दिसायला इतकी देखणी की विकतची वाटावी, आणि जगात छत्री खाऊन आजारी पडणाऱ्यांत हिचे बळी पुष्कळ.

तिची खूण टोपीखाली असते. छत्री जून झाली की पापुद्र्यांवर हिरवट-करडी झाक येते. कोवळी असताना मात्र ते पांढरेच दिसतात, आणि भाचा कोवळ्या निवडून घेतो, कारण कोवळी भाजी चांगली.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. एक टोपी देठापासून कापायची, पापुद्रे खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवायची, वर स्टीलची वाटी पालथी घालायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी वाटी आणि टोपी उचलली की कागदावर बीजाणूंचा ठसा मिळतो: मधून किरणांसारख्या निघालेल्या बारीक रेघा, बोट फिरवलं तर पुसल्या जाणाऱ्या. वारुळाच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर मळकट, या मोठ्या छत्रीचा मळकट हिरवा. हिरवा दिसला की विषय संपला. पण गुलाबी दिसला म्हणून चूल पेटवायची असं नाही, हेही लगेच सांगायला हवं. गुलाबी ठशाच्याही विषारी जाती आहेत. ठसा 'नाही' म्हणायला उपयोगी, 'हो' म्हणायला अपुरा.

केळीच्या पट्ट्यात आणखी एक घोटाळा आहे. पेंढ्यावर, केळीच्या पानांवर एक खाण्याची अळंबी येते, व्होल्व्हेरिएला. तिची मुद्दाम लागवडही करतात. तिच्या बुडाशी फाटक्या पिशवीसारखं आवरण असतं. नेमकी तशीच पिशवी जगातल्या सगळ्यात जीवघेण्या अमॅनिटा गटातल्या छत्र्यांच्या बुडाशी असते. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी गावाकडची म्हणून तिकडची अमॅनिटा खाल्ली आणि दगावले, अशी प्रकरणं नोंदलेली आहेत. त्यांची ओळख चुकीची नव्हती, देश बदलला होता. अमॅनिटाच्या बऱ्याच जातींना जगायला ठरावीक झाडांच्या मुळांशी भागीदारी लागते, आणि सातपुड्यातला साग त्या भागीदारीतला नाही. त्यामुळे तिची गाठ इथे कमी पडणार. एवढ्यावर निर्धास्त व्हावं, तर तिसरी छत्री आहे.

ती नातीला सापडते. शेणखताच्या ढिगाच्या कडेला, बाहुलीच्या असाव्यात एवढ्या लहान, दोन बोटं रुंद, तांबूस खवल्यांच्या पाच-सहा. लेपिओटा हा तो गट. याला झाडाची भागीदारी लागत नाही. कुजलेलं काहीही चालतं. गटातल्या सगळ्या जाती विषारी नाहीत, पण काहींत अमाटॉक्सिन असतं, म्हणजे अमॅनिटातलं तेच विष. नात त्या फ्रॉकच्या ओच्यात भरून आणते. "हाई खावानी शे का?" असं ती विचारते, आणि भाचा म्हणतो, टाक टोपलीत.

उणे २ तास. संध्याकाळी सहा

सून टोपली पाटावर ओतते. आजी सगळ्यावर एक नजर टाकते. दिवे गेलेले, कंदिलाचा उजेड, डोळ्यांत मोतीबिंदू. मोठ्या छत्र्या तिला खटकतात. मग घरात परीक्षा सुरू होते. रश्श्यात चांदीचं जोडवं टाकू, काळं पडलं तर विष. लसूण टाकू, निळा पडला तर विष. किडे लागलेत का बघा, किड्यांनी खाल्ली म्हणजे माणसालाही चालते.

या परीक्षा जगभर आहेत आणि जगभर खोट्या आहेत. चांदी गंधकाने काळी पडते. अमाटॉक्सिन तिला शिवतही नाही. गोगलगाई आणि अळ्या जीवघेणी छत्री खुशाल खातात. उकळलं, तळलं, वाळवलं, फ्रीजमध्ये ठेवलं तरी अमाटॉक्सिन जागचं हलत नाही. शिवाय त्याला चव नाही, वास नाही. यातून वाचलेल्यांनी भाजी चविष्ट होती असंच सांगितलंय.

शिकलेल्या माणसाचा शब्दही परीक्षा म्हणून फारसा बरा नाही. १७६७ साली पॅरिसजवळ योहान शोबर्ट नावाचा संगीतकार घरच्यांना आणि मित्रांना घेऊन फिरायला गेला. लहानग्या मोझार्टला त्याच्या रचना आवडायच्या. मंडळींनी वाटेत छत्र्या गोळा केल्या आणि खानावळीत शिजवायला दिल्या. तिथला स्वयंपाकी म्हणाला, विषारी आहेत. दुसऱ्या खानावळीतही तेच उत्तर. पण मंडळींत एक डॉक्टर होता आणि त्याचा हट्ट होता की या उत्तम आहेत. अखेर घरी नेऊन रस्सा केला. शोबर्ट गेला, बायको गेली, एक मूल, मोलकरीण, मित्र आणि तो डॉक्टरही. दोन स्वयंपाक्यांचं न ऐकता एका पदवीचं ऐकलं.

आपल्या घरात लसूण पांढराच राहतो. सून अळंबी चिरते. मोठ्या, वारुळाच्या, सगळ्या एकाच पातेल्यात. काळा मसाला, शेंगदाण्याचा कूट, वर तेलाचा तवंग.

शून्य. रात्री आठ

कळण्याची भाकरी आणि अळंबीचा रस्सा. मटणासारखी लागते, असं मुलगा म्हणतो. श्रावण लागायच्या आत एकदा व्हायलाच हवी होती. नात हट्ट धरते की माझ्या छत्र्या मलाच. त्या अख्ख्याच टाकलेल्या असतात, म्हणून सून पळीने शोधून चार तिच्या ताटलीत वाढते. एक आजी चाखते. आजीला जेवण जात नाही, ती बाकी फारसं खात नाही.

अमाटॉक्सिनची जीवघेणी मात्रा किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम धरतात. सोळा किलोच्या मुलीला दीड-दोन मिलिग्रॅम पुरतं. मिठाच्या चिमटीच्या शंभराव्या भागाएवढं.

२ तास. रात्री दहा

मुलगा अंगणात ओकतो. पाठोपाठ भाचा, सून, मग नात. पोटात पिळवटून येतं, जुलाब सुरू होतात. हे मोठ्या छत्र्यांचं काम. क्लोरोफायलमचा तडाखा एक ते तीन तासांत बसतो. हाल फार होतात, पण पाणी-मीठ भरून काढलं तर निरोगी माणूस एक-दोन दिवसांत उठतो. आजीला काहीच होत नाही.

पहिली चूक इथे होते, आणि ती अडाणीपणाची नाही. लवकर ओकारी झाली तर विष हलकं आणि उशिरा झाली तर जहाल, हा नियम वैद्यकातलाच आहे. सहा तासांच्या आत त्रास सुरू झाला तर बहुतेक वेळा जीव वाचतो. पण नियमाला जोडून एक सूचना असते: टोपलीत एकाच जातीच्या छत्र्या असतील तरच हे खरं. एकीने लवकर ओकारी आणली म्हणून दुसरी पोटात नाही असं होत नाही.

४ तास. मध्यरात्र

शेजाऱ्याच्या गाडीतून तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात. चौघांना सलाईन. आषाढात इथे दर दुसरा रुग्ण जुलाब-उलटीचाच असतो. गढूळ पाणी, माशा, उघड्यावरचं खाणं. मुलगा सांगतो की कुत्र्याच्या छत्र्या खाण्यात आल्या. डॉक्टर विचारतात, किती वाजता खाल्ल्या? दोन तासांत त्रास झाला हे ऐकून त्यांनाही हायसं वाटतं.

विचारायचे प्रश्न आणखी तीन होते. किती ठिकाणांहून आणल्या? सगळ्यांनी सारखंच खाल्लं का? पातेलं धुतलं का? सुनेने निघायच्या आधी पातेलं घासून पालथं घातलंय. चिरताना काढलेले देठ उकिरड्यावर आहेत, पण पाऊस लागलाय. त्या देठांतला एक प्लास्टिकच्या नव्हे, कागदाच्या पुडीत बांधून सोबत आणला असता तर जाणकाराला फोटोवरूनही काही सांगता आलं असतं. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. तिथे डॉक्टरांना रात्रीबेरात्री फोनवर सल्ला मिळतो, पण आधी कोणीतरी म्हणायला हवं की हे साधं प्रकरण नसेल.

याच घटकेला वेळ हातात असतो. औषधी कोळशाची पूड तोंडावाटे पुन्हा पुन्हा दिली तर आतड्यातलं विष तिला चिकटतं. हे विष एकदा यकृतात गेलं की पित्तावाटे परत आतड्यात येतं, तिथून पुन्हा यकृतात. म्हणून उशिरा दिलेल्या मात्रेचाही उपयोग होतो.

११ तास. रविवार, सकाळी सात

मुलगा आणि सून सावरलेत. नातीला मात्र पुन्हा सुरू झालंय, आणि आता भाताच्या पेजेसारखे पांढरट, पाण्यासारखे जुलाब. घरी राहिलेल्या आजीलाही पहिल्यांदाच पोटात दुखून येतं. वयोमान, रात्रीचं जागरण, असं ती स्वतःच ठरवते. नातीचं कालचंच अजून चाललंय, असं सगळे धरतात.

कालचं नाही, हे नवं आहे. अमाटॉक्सिन सहा तासांपर्यंत सहसा चुळबुळ करत नाही. आठ ते बारा तासांत उठतं. ऑस्ट्रेलियातल्या लिओनगाथा गावचं प्रकरण आठवत असेल. २९ जुलै २०२३ला दुपारच्या जेवणात चार पाहुण्यांना डेथ कॅप, म्हणजे अमॅनिटा फॅलॉइडीस, मुद्दाम खाऊ घातली गेली. जेवले दुपारी, त्रास सुरू झाला रात्री उशिरा. तिघं आठवड्याभरात गेले. एक जण कित्येक आठवडे रुग्णालयात काढून वाचला. तिथे सर्व सोयी हाताशी होत्या.

आपल्या गोष्टीतली सगळ्यात ठळक खूण आजी आहे. तिने मोठ्या छत्र्या जवळपास खाल्ल्या नाहीत, रात्री तिला काही झालं नाही, आणि सकाळी अकराव्या तासाला झालं. पण ती घरी आहे आणि केसपेपर दवाखान्यात.

४० तास. सोमवार, दुपारी बारा

नातीचे जुलाब थांबलेत. ती बिस्किट मागते. डोळ्यांत तरतरी आलीय, खाटेवर बसून सलाईनच्या नळीशी खेळते. मुलगा घरी सोडायची घाई करतो. निंदणीचे दिवस, दोन रोज बुडालेत, बिल वाढतंय. डॉक्टर ओआरएसची पाकिटं देतात. आजीही उठून चुलीशी बसलेली असते.

वैद्यकाच्या पुस्तकांत या टप्प्याला खोटी सुधारणा म्हणतात. आतडं शांत झालेलं असतं आणि यकृताने अजून तोंड उघडलेलं नसतं. आत काय चाललंय? प्रत्येक पेशीत जनुकांतला मजकूर उतरवून घेणारं एक विकर असतं, आरएनए पॉलिमरेज-२. अमाटॉक्सिन त्याला जाऊन बसतं आणि उतरवणं थांबतं. जुनी प्रथिनं आहेत तोवर पेशी चालते. ती संपली की नवी येत नाहीत. यकृताच्या पेशी रक्तातून हे विष हौसेने आत ओढून घेतात, म्हणून पहिला घाव त्यांच्यावर. या दिवशी रक्त तपासलं असतं तर यकृताची इजा दाखवणारा एसजीपीटीचा आकडा चढताना दिसला असता. पोरगी हसत-खेळत असताना रक्त कोण काढेल?

आसामात २०२२च्या एप्रिलमध्ये रानातल्या छत्र्या खाऊन तेरा माणसं दिब्रुगडच्या वैद्यकीय महाविद्यालयात दगावली. बहुतेक चहामळ्यांतली. तिकडेही पावसाळ्याच्या तोंडी टोपली भरायची रीत आहे. मेघालयातूनही अशा बातम्या येतात. खानदेशातलं वाचताना ईशान्येकडचं सांगणं दूरचं वाटेल, पण रोजावर जगणाऱ्या घराला दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की ते घरी जातं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

६० तास. मंगळवार, सकाळी आठ

नात उठत नाही, नुसती पेंगते. लघवी गडद. सून तिचे डोळे उजेडात बघते: पांढऱ्यावर पिवळट झाक. शेजारीण म्हणते, कावीळ, उतरवून आणा. कावीळ उतरवणारा पलीकडच्या गावात आहे, त्यात दुपार जाते.

७२ तास. मंगळवार, रात्री आठ

१०८ची गाडी. वस्ती चोपड्याच्या हद्दीत असेल तर जळगाव, शिरपूरच्या हद्दीत असेल तर धुळे; दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एसजीपीटी हजारांत. रक्त गोठायला लागणारा वेळ कितीतरी वाढलाय, सुई टोचली तिथून रक्त झिरपत राहतं. साखर घसरलीय. इथे पहिल्यांदा कोणीतरी सगळं मागे जाऊन विचारतं आणि शनिवारच्या टोपलीपर्यंत पोहोचतं. एन-ॲसिटिलसिस्टीन सुरू होतं, पेनिसिलिनचे मोठे डोस, साखर, प्लाझ्मा. मग डॉक्टरांचा प्रश्न: अजून कोणी खाल्ल्या होत्या? आजीला आणायला गाडी परत जाते. तिला एकच टोपी मिळाली होती आणि तिचं वजन नातीच्या तिप्पट. तिचं यकृत दुखावलंय, पण टिकेल.

११० तास. गुरुवार, सकाळी दहा

नात हाकेला ओ देत नाही. यकृत थांबलं की अमोनिया मेंदूपर्यंत चढतो. मूत्रपिंडंही मागे पडतात. आता उरतो तो यकृत प्रत्यारोपणाचा पर्याय, म्हणजे बहुधा मुंबई किंवा पुणे. धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, जळगावहून आणखी लांब. शिवाय देणारा जुळायला हवा, त्याच्या तपासण्या व्हायला हव्यात, पैसा उभा राहायला हवा. लिओनगाथातल्या एका पाहुण्यावर प्रत्यारोपण झालंही होतं; तोही वाचला नाही.

मुलगी सहाव्या दिवशी जाते.

पोलीस जबाब घेतात. विषबाधा, म्हणून व्हिसेरा न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे. पण सहा दिवसांनी त्यात छत्रीचा अंश राहिलेला नसतो, आणि अमाटॉक्सिनची वेगळी चाचणी मुद्दाम मागावी लागते. मोठ्या छत्र्यांनी चौघांना ओकवलं हे गावभर माहीत असतं, म्हणून दोष त्यांच्यावर जातो. पुढच्या पावसात लोक केळीच्या बागेकडेच्या पांढऱ्या छत्र्या काठीने मोडतील. शेणखताच्या ढिगावरच्या लहान छत्र्यांकडे कोणी बघणार नाही. पंचनाम्यात कारण 'अन्नातून विषबाधा' एवढंच लिहिलेलं असतं. छत्रीची जात लिहायला त्या कागदात रकानाच नाही.